सुरेखाचे तास

बबनचा फोन आला तेव्हा येडगावच्या आमच्या बागेत द्राक्षांची काढणी चालू होती. बाया क्रेट भरत होत्या, गाडी बांधाला लागलेली होती, आणि व्यापाऱ्याचा माणूस एकेक घड उन्हाकडे धरून बघत होता. बबन म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, सुरेखाचा, धाकटा भाऊ. एरवी तो फोनवर आधी बाजारभाव विचारतो. त्या दिवशी नुसतं म्हणाला, "शोभाताई, ताई गेली... पहाटं. झोपेतच गेली." मी "बरं" म्हणाले. तेवढ्यात व्यापाऱ्याच्या माणसानं विचारलं, "वैनी, हा प्लॉट आजच उरकायचा ना?" मी त्यालाही "बरं" म्हणाले आणि चपला घालून आंबेगावच्या रस्त्याला लागले. आता बागेची छाटणी झाली आहे, वेली उघड्याबोडक्या उभ्या आहेत, घरात थोडी उसंत आहे, म्हणून लिहायला बसले. लिहायची सवय केव्हाच मोडली. तिची मोडली नव्हती.

आम्ही दोघी पुण्यात एम.ए.ला भेटलो. विषय भूगोल. मी पिंपरी पेंढारची, बागायती घरातली. ती आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातली, मेंढरं पाळणाऱ्या घरातली. हॉस्टेलवर आमच्या खाटा शेजारी होत्या. मला शिकवलं ते चांगलं स्थळ मिळावं म्हणून, आणि तिला शिकवलं ते नोकरी लागावी म्हणून. हा फरक तेव्हा आम्हाला कळला नव्हता, पण आमच्या वडिलांना पक्का ठाऊक होता. माझ्या एम.ए.नं आपलं काम चोख केलं. लग्नात सासूबाई प्रत्येक पाहुण्याला सांगत होत्या, "आमची सून एम.ए. हाय." त्यानंतर घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

सुरेखाच्या वडिलांना, आप्पांना, मी हॉस्टेलच्या फाटकाशी पहिल्यांदा पाहिलं. खांद्यावर घोंगडी, हातात भाकरीचं गाठोडं. आत या म्हटलं तर आले नाहीत. "हितंच बराय. आत पोरींचं अभ्यासाचं वातावरण असतं," म्हणाले. वातावरण हा शब्द त्यांनी लेकीकडून उचलला असणार. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सुरेखा दिवाळीत घरी गेली तर अंगण मोकळं. मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळून भिंतीला लावलेली. आप्पांनी सगळा कळप विकला होता, फी आणि हॉस्टेलसाठी. तिनं विचारलं तर म्हणाले, "पायात दम राह्यला नाय आता, कोण हिंडतं त्यांच्यामागं?" आणि पुढची कितीतरी वर्षं ते लोकांची मेंढरं राखायला त्याच पायांनी जात राहिले.

पास झाल्यावर तिला आमच्या जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात काम मिळालं, तासिका तत्त्वावर. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जेवढे तास शिकवाल तेवढ्याचाच पगार. सुट्टी लागली की पगार बंद, आजारी पडलात की तास बुडाला, आणि उन्हाळा संपला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा नव्यानं नेमणूक. एखाद-दोन वर्षांचा प्रश्न आहे, मग कायम करतील, असं सगळेच म्हणत होते. तिनं जुन्नरमध्ये एक खोली भाड्यानं घेतली ती याच हिशेबानं. त्या खोलीतच तिचे केस पांढरे झाले. गावाकडे तिला प्राध्यापकबाई म्हणत. स्थळं येत, पोहे होत, आणि मग मुलाकडचं कोणीतरी हळूच विचारी, "नोकरी कायम हाय ना?" ती खरं सांगायची. हळूहळू स्थळं यायची बंद झाली आणि तिनंही तो विषय मिटवून टाकला. "मला पण तासिका तत्त्वावर करून घेतील गं," असं हसून म्हणाली होती एकदा. मला हसता आलं नाही.

मग कोणीतरी सांगितलं की पीएच.डी. असली तर कायम करतात. तिनं तेही केलं. मेंढपाळ दरसाल ज्या वाटांनी घाट उतरून कोकणात जातात आणि परत येतात, त्या वाटांवर तिचा प्रबंध होता. आप्पांना बरोबर घेऊन ती सुट्टीसुट्टीत त्या वाटा चालली. कुठं पाणी, कुठं मुक्काम, कुठला शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घ्यायचा आणि कुठला काठी घेऊन यायचा, हे आप्पा सांगायचे आणि ती टिपून घ्यायची. ज्या वाटांवर तिनं एवढं लिहिलं, त्यांवरून चालायला त्यांच्या घरचं एक कोकरूसुद्धा उरलं नव्हतं... हे तीच म्हणाली होती, मी नव्हे. पदवी मिळाली त्या दिवशी आप्पांनी पेढे वाटले आणि सगळी पांगल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढं जाड पुस्तक लिव्हलं, आता तरी कायम करतील ना, बाय?" मी "करतील की" म्हणाले. त्यानंतर एका ठिकाणी जागा निघाली, ती मुलाखतीला गेली. आत काय बोलणं झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. बाहेर येऊन म्हणाली, "शोभे, आपल्याकडं विकायला आता काही उरलं नाही." बस. पुन्हा त्याच कॉलेजात, त्याच तासांवर. आप्पा गेले ते वाट बघतच गेले.

एवढं होऊनही ती वर्गात कडवट नव्हती. दरवर्षी पहिल्याच तासाला ती मुलांना सांगून टाकायची, की ही डिग्री हातात नोकरी ठेवेल असं समजून बसू नका, माझ्याकडे बघा, याच्या जोडीला काहीतरी पोटापाण्याचं शिकून घ्या. कॉलेजातल्या मोठ्या लोकांना ते आवडायचं नाही. आणि एवढं सांगून झालं की ती फळ्याकडे वळायची आणि असा जीव ओतून शिकवायची, की ती मुलं पुन्हा भूगोलाच्याच प्रेमात पडायची. मी एकदा तिच्या वर्गाबरोबर लेण्याद्रीला गेले होते. वर गिरिजात्मजाचं दर्शन झाल्यावर तिनं पोरांना कातळाला हात लावायला लावला आणि लाव्हारस कसा थरावर थर साचला ते सांगितलं. एक मुलगी कातळावरचा हात काढेचना. उतरताना मी म्हटलं, "तू त्यांना शिकू नका म्हणून सांगतेस आणि मग असं शिकवतेस. त्यांनी करायचं काय?" तिनं पुढं धावणाऱ्या पोरांना सावकाश उतरायला सांगितलं. मग म्हणाली, "मलाच कळलं असतं तर मी हितं असते का?"

आणि मग पायलचं प्रकरण झालं. पायल बबनची थोरली मुलगी. बारावी सायन्सला चांगले मार्क पडले आणि पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला. रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकायचा असं बबननं ठरवलं होतं. सल्लामसलतीला म्हणून त्यानं मलाही बोलावलं. त्याच्या माहितीत एम.ए. झालेल्या आम्ही दोघीच, म्हणून असेल. ओसरीवर सगळे बसले होते. पायल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आत्या आपल्या बाजूनं बोलणार या खात्रीनं. सुरेखानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "जमीन विकू नको बबन. तिला मंचरला नर्सिंगला घाल, नाहीतर इथंच बी.एस्सी. करू दे. त्या कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं मी बघते. माझ्याकडंच येतात, मॅडम कुठं काम असेल तर सांगा म्हणत."

बबन एकदम पेटला. "तुझ्यायेळी आप्पांनी मेंढरं इकली, तवा कुणी असं बोललं व्हतं का? तू शिकली, डॉक्टर झाली, आन आता माझ्या पोरीच्या येळंला नको म्हनती?"

"कोणीतरी बोलायला हवं होतं," सुरेखा म्हणाली. "म्हणून तर मी बोलतेय."

पायल आत निघून गेली. बबनची बायको पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि सुरेखा उठून स्टँडकडे चालू लागली. मी तिच्या मागं गेले. "मी चुकले का गं?" एवढंच तिनं विचारलं, आणि एसटी आली. जमीन विकली गेली. पायल पुण्याला गेली. शिकत होती तोवर ती आत्याशी एक शब्द बोलली नाही; सणाला दोघी एका घरात असायच्या आणि एकमेकींना ओलांडून जायच्या.

सुरेखानं म्हटलं तसंच झालं. पायल पास झाली, कॉलेजात कंपन्या आल्या आणि गेल्या, आणि शेवटी चाकणच्या एका कारखान्यात ती कंत्राटी कामगार म्हणून लागली, कॉम्प्युटरवर माल आला-गेला नोंदवायचं काम. त्या कामाला बारावीसुद्धा पुरली असती. बबन कुणाकडे त्याबद्दल बोलत नाही. आपलं म्हणणं खरं ठरलं याचा सुरेखाला आनंद झाला नाही. मला म्हणाली, "या एका बाबतीत तरी मी खोटी पडायला हवं होतं."

दिवाळीच्या सुमाराला तिला छातीत गाठ लागली होती. परीक्षा जवळ आल्या आहेत, पोर्शन राहिलाय, सत्र संपू दे, असं करत तिनं ते अंगावर काढलं. बदली शिक्षक मागायची सोय नव्हती. तास दुसऱ्या कोणाला गेला तर पुढच्या वर्षी तो परत मिळेलच असं नसतं. आम्हाला सगळ्यांना कळलं तेव्हा डॉक्टरांनी फार उशीर झाल्याचं सांगितलं. मग बबन तिला गावी घेऊन गेला. ओसरीवरच्या त्या भांडणाचा एकानंही उच्चार केला नाही. पायल दर रविवारी चाकणहून यायची. आत्याचं डोकं चेपायची, तिला फळं चिरून द्यायची, आणि दोघी आपसांत हळूहळू बोलायला लागल्या होत्या.

माझी शेवटची भेट अशाच एका रविवारची. सुरेखा खाटेवर उशीला टेकून बसली होती. अगदी वाळली होती. पायल पायाशी बसून तिच्या पायाला तेल लावत होती. अचानक, मान वर न करता, पायल म्हणाली, "आत्या, तू नको म्हणाली व्हतीस ना, तवा मला तुझा लई राग आला. जॉबचं तू बोलली ते बरोबरच व्हतं. पण मला नर्सिंगला नाय तर बी.एस्सी.ला कुणी घातलं नसतं. पप्पांच्या डोक्यात दोनच गोष्टी व्हत्या, इंजिनिअरिंग नायतर लग्न. माझ्याबरोबरच्या सगळ्या पोरींची लग्नं झाली, त्याच वर्षी. मला ती वर्षं भेटली. बाकी काय नाय भेटलं, पण ती भेटली."

मला वाटलं, सुरेखा रडेल. पण ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "लई महाग पडली गं वर्षं."

"व्हय," पायल म्हणाली. "तुला पन महागच पडली की."

"मला पण," सुरेखा म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं, मला वाटत होतं झोप लागली म्हणून, ती बोलली. "आप्पांना हे सांगायला पाहिजे होतं. ते कायम कायम करत बसले... मी पण करत बसले." एवढंच. मी निघताना तिनं माझा हात धरला नाही की काही सांगितलं नाही. तिच्यात तेवढी ताकद नव्हती.

लोक अजून मला विचारतात. येडगावातली, पिंपरी पेंढारची, ओळखीपाळखीची. पोराला कॉलेजला घालू का, पोरीला पुण्याला ठेवू का, एवढा खर्च करून पुढं काही होतं का? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा. पूर्वी मी काहीतरी ठाम सांगायचे. आता सांगत नाही. सुरेखाच्या बाबतीत मी मनात किती वेळा बेरीज-वजाबाकी केली असेल. एका बाजूला आप्पांची मेंढरं, ती खोली, न झालेला संसार, अंगावर काढलेलं दुखणं. दुसऱ्या बाजूला काय ठेवायचं, ते दर वेळी मला नव्यानं सुचतं आणि दर वेळी ते कमीच पडतं असं वाटतं... आणि तरीही तिच्या त्या सगळ्या वर्षांना वाया गेली म्हणायला जीभ रेटत नाही.

परवा जुन्नरची तिची खोली रिकामी करायला बबन, पायल आणि मी गेलो होतो. सामान फार नव्हतंच. पुस्तकं, दोन पातेली, खुर्ची, कॉलेजच्या इस्त्रीच्या साड्या. बबन टेम्पोत खोकी ठेवत होता. घरमालकीण काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. वय झालेल्या, एकट्याच राहतात, शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही. म्हणाल्या, "सकाळी लई मुकं वाटतं आता घर." मी म्हटलं, सुरेखा तर फार बोलायची नाही. "आमच्याशी न्हाई," काकू म्हणाल्या. "रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी हितं या भिंतीकडं तोंड करून शिकवायची. आख्खा तास. एवढी वर्सं झाली तरी रोज. मी आपली पलीकडं भाजी निवडत बसायची आन ऐकायची."

पायल हातातली पुस्तकं घेऊन तशीच थांबली. "काय शिकवायची, काकू?"

काकू जरा लाजल्या. मग पदर सावरून, भिंतीकडे बघत, म्हणाल्या, "समिंदर आपल्याला जवळ हाय पश्चिमेला. पन आपली कुकडी तिकडं जात न्हाई. डोंगर आडवा हाय ना. ती जाती पूर्वेला. घोडला मिळती, घोड भीमेला, भीमा कृष्णेला... आन मग कुठं लई लांब जाऊन समिंदर." त्यांनी पायलकडे पाहिलं. "बरुबर हाय का, बाय?"

पायलनं पुस्तकं खाली ठेवली आणि म्हणाली, "बरोबर आहे. पुढचं सांगा."