बिनखुणेची टोपी

ताई, कराडच्या एसटी स्टँडवर तू माझ्या बॅगेला सुतळी बांधत होतीस आणि बाबा खिडकीखाली उभे होते. अंगात स्वच्छ सदरा, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. जगभरच्या पत्त्यांवर शिक्के मारून झालेले पोस्टमास्तर, पण स्वतः कोल्हापूरच्या पलीकडे फारसे न गेलेले. पोरगा अमेरिकेला निघाला म्हटल्यावर काहीतरी मोठं बोलतील असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "पोचल्याचं पत्र टाक. आणि उन्हातान्हात बोडक्यानं हिंडू नकोस." गाडी वळेपर्यंत ती टोपी गर्दीत दिसत राहिली. त्यानंतर खूप वर्षं बाबा म्हटलं की मला चेहऱ्याआधी तीच आठवायची.

परवा फोनवर तू विचारलंस, रिटायर झाल्यावर एवढ्या थंडीत दिवसभर करता तरी काय? ताई, आम्ही भांडतो. डिसेंबरात शॉमबर्गमध्ये बर्फ पडतं, रस्ते गप्प होतात आणि आमच्या किचनमध्ये तीन म्हातारी माणसं चहाचे मग घेऊन बसतात. मी, नागपूरचे देशपांडे डॉक्टर आणि गिरगावच्या शैलाताई. भांडण एकाच गोष्टीवरून, बेसबॉल सोडलेल्या कुठल्या खेळाडूला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनात, घ्यायचं.

तुला थोडक्यात सांगतो. खेळ सोडून पाच वर्षं झाली की नामवंत खेळाडूंची नावं एका यादीत येतात. वर्षानुवर्षं बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार त्यावर मत देतात. चारातल्या तिघांनी होय म्हटलं तर खेळाडू आत, नाहीतर पुन्हा पुढल्या वर्षी. दहा वर्षांत जमलं नाही तर नाव यादीतून जातं. जो आत जातो त्याचा ब्रॉन्झचा चेहरा एका पाटीवर कोरतात आणि त्या चेहऱ्यावर त्याच्या टीमची टोपी असते.

आम्हाला मत बित काही नाही, पण म्हणून काय झालं. लग्नाला बोलावलं नाही तरी नवऱ्यामुलावर आपण बोलतोच की. इंग्रजी नावं सारखी घ्यायचा कंटाळा येतो म्हणून आम्ही खेळाडूंचं बारसंसुद्धा करून टाकलंय. सणसणीत फटके मारणारा, पण ताकदीची इंजेक्शनं घ्यायचा असा संशय असलेला तो भीम. चेंडू टाकणारा चिडका पिचर, ज्याचा खांदा ऐन भरात निकामी झाला, तो दुर्वास. आणि मैदानात चेंडू अडवणारा माझा बुटका, चपळ शॉर्टस्टॉप, तो वामनराव. भीमाचं नाव निघालं की डॉक्टर कप खाली ठेवतात. "शैलाताई, औषधं मी जन्मभर लिहून दिली. मला नका शिकवू." त्यावर शैलाताई शांतपणे विचारतात, त्या काळात न घेणारा कोण होता ते सांगा. एका बँकेच्या कॉम्प्युटरवर त्यांची उमर गेली, आकडे त्यांना तोंडपाठ. दोघंही दुर्वासाबद्दल हळहळतात आणि मी वामनरावाचं घोडं पुढे दामटतो. त्यावर दोघं एकमेकांकडे बघून हसतात. हे सगळं गेली नऊ वर्षं असंच चाललेलं.

यंदा दोन गोष्टी वेगळ्या होत्या. वामनरावाचं हे दहावं, म्हणजे शेवटचं वर्ष होतं. आणि आमच्या मुग्धाला, तुझ्या भाचीला, पहिल्यांदाच मत मिळालं. ती वर्तमानपत्रात बेसबॉलवर लिहिते हे तुला माहीत आहे. ख्रिसमसला ती घरी आली ती बॅलटचा, म्हणजे मतपत्रिकेचा, लिफाफा घेऊनच. इतकी वर्षं जे आम्ही नुसतं बोलत होतो ते कागदावर, खुणेच्या चौकोनांसकट, आमच्या डायनिंग टेबलावर आलं. मला एकदम बाबांच्या ऑफिसातल्या डिंकाचा वास आल्यासारखं वाटलं.

मी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आणि शैलाताईंसमोर विषय काढला. एकोणीस वर्षं खेळला, कधी भांडण नाही, कधी सुट्टी नाही, कुठल्याशा एका बेटावरून पोरसवदा वयात एकटा आलेला. मुग्धा ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, ही वॉज गुड. पण एका तरी वर्षी तो बेस्ट होता का? चार टीम्स बदलल्या त्यानं. पाटीवर टोपी कुठली घालणार?" डॉक्टर म्हणाले, "हा मुद्दा आहे." शैलाताईंनी आकडे सांगायला सुरुवात केली, तेही तिच्याच बाजूचे. मी चिडलो. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. म्हणालो, नोकरीसाठी चार गावं फिरला म्हणून माणूस कुठलाच नाही असं होतं का? आपण कुणाबद्दल बोलतोय ते माझं मलाच कळेना.

पाहुणे गेल्यावर मुग्धा समोर येऊन बसली. "व्हाय हिम, बाबा? खरं सांग."

ताई, आता जे सांगतो त्यातलं अर्धं तुला माहीत आहे. आई गेल्यानंतर बाबा इथे एकदाच आले होते, सहा आठवड्यांसाठी. मुग्धा आठ वर्षांची होती. मी त्या दोघांना मॅच बघायला घेऊन गेलो. परत आल्यावर त्यांनी गावभर सांगितलं की अमेरिकेतला एक मोठा खेळाडू मला टोपी उचलून नमस्कार करून गेला. तू अजून ती गोष्ट मुलांना रंगवून सांगतेस. ती खरी आहे. पण तिच्या आधीची अर्धी त्यांनी कुणालाच सांगितली नाही.

मॅचच्या आधी राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे उभे राहिले, पुरुषांनी कॅप काढून छातीशी धरल्या. बाबाही ताठ उभे होते, टोपी नीट बसवून. आपल्याकडे देवासमोर, वडीलधाऱ्यांसमोर, मान द्यायचा तिथे डोकं झाकतात. त्यांनी उलट दोन्ही हातांनी टोपी सारखी केली. मागून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. काय ते मला कळलंही नाही, पण माझे कान तापले. मी खालच्या आवाजात म्हणालो, "बाबा, टोपी काढा." त्यांना कळेना. मग मीच हात वर केला आणि त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाणं संपलं, सगळ्यांच्या कॅप परत डोक्यावर गेल्या, पण बाबांनी ती घातली नाही. मांडीवर घेऊन बसले. ऊन सणसणीत होतं. घराबाहेर मी त्यांना बोडकं कधी पाहिलं नव्हतं. टाळूवरचे ते चार पांढरे केस वाऱ्यानं हलत होते आणि मी मैदानाकडे बघत होतो.

डाव संपला आणि वामनराव आमच्या बाजूनं आत येऊ लागला. तेव्हा तो अगदी कोवळा होता. त्यानं स्टँडकडे वर पाहिलं आणि कॅप जराशी उचलली. तिथे हजारो माणसं होती. ती कुणासाठी उचलली हे देवच जाणे. पण बाबांनी ठरवलं की ती आपल्यासाठी. ते हसले, मांडीवरची टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि नुसत्या दोन बोटांनी तिला हात लावून त्याला उत्तर दिलं. मी हिसकावलेलं त्या पोरानं त्यांना परत दिलं, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. मी बाबांची माफी मागितली नाही. पुढे ते गेले आणि ते राहूनच गेलं.

हे सगळं मी मुग्धाला सांगितलं. तिनं बशीतला चिवडा बोटानं सरकवला. मग म्हणाली, "आय नो, बाबा. मी तिथेच होते. आजोबांची टोपी तू काढलीस ते मला आठवतं."

एकतीस वर्षं तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि कुणाला तरी माहीत होतं याचं बरंही वाटलं.

मग तिनं माझ्यासमोरच पेन घेतलं. सात चौकोनांत खुणा केल्या. दुर्वासाला दिलं, भीमाला दिलं नाही. वामनरावाच्या नावापाशी थांबली. "इट्स अ बॅलट, बाबा. थँक-यू नोट नाही," असं म्हणून तिनं लिफाफा बंद केला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण बाबा असते तर त्यांनीही शिक्का मारताना ओळख पाहिली नसती. दुसऱ्या दिवशी मीच तो लिफाफा पोस्टात टाकून आलो.

जानेवारीत निकाल लागला. वामनरावाचं नाव यादीतून गेलं. डॉक्टरांनी मुद्दाम फोन केला, चेष्टा केली नाही. आठवड्याभरात मुग्धाचा एक फोटो आला. हॉल ऑफ फेममधल्या एका जुन्या खेळाडूची पाटी. चेहऱ्यावर टोपी होती, पण तिच्यावर कुठल्याच टीमची खूण नव्हती. खाली तिनं लिहिलं होतं की ज्यांना एक टीम निवडणं जमत नाही, त्यांची टोपी अशी कोरी ठेवतात. मी फोटो मोठा करून करून पाहिला.

त्या वेळी कराडला परत जाताना बाबांची एक टोपी माझ्या कपाटात राहिली होती. मी फोनवर म्हणालो होतो, पार्सल करतो. पोस्टमास्तर हसले. "एका टोपीसाठी परदेशी टपाल? राहू दे." ती अजून तिथेच आहे. एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला तेव्हा मुग्धानं दोन तिकिटं काढली आणि मी ती टोपी इस्त्री करून घालून गेलो. कॉलरला लावायचा स्टार्चचा स्प्रे मारला, तरी बाबांसारखी कडक काही झाली नाही.

तू नेहमी विचारतेस, आता तुझं घर कुठलं, इथलं की तिथलं. पंचेचाळीस वर्षं मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देत आलो. आता मला वाटतं, आपलं डोकं झाकलेलं असो की उघडं, ज्या माणसाला त्याची लाज वाटत नाही, त्याच्या शेजारची जागा म्हणजे घर. मला ते बाबांच्या शेजारी उभं असताना कळलं नव्हतं.

राष्ट्रगीत सुरू झालं. आम्ही उभे राहिलो. मुग्धानं आपली कॅप काढून छातीशी धरली. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझाही हात टोपीकडे गेला. तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि हळूच खाली आणलं.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली.