बा खांड बांधायला गेला नाही

मास्तर गोष्ट सांगत होते आणि सगळा वर्ग मान वळवून माझ्याकडे बघत होता.

मी चौथीत होते. पुढे शिकले नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी मास्तर गोष्ट सांगत. त्या दिवशी ग्रीक लोकांची होती. ग्रीक कोण, कुठले, आम्हाला ठाऊक नव्हतं. मास्तर म्हणाले, ते पण समुद्राकाठचेच, आपल्यासारखे. तेवढं आम्हाला पुरलं.

त्यांच्या एका जुन्या महाकाव्यात एक वीर आहे. सगळ्या फौजेत त्याच्या तोडीचा कोणी नाही. परक्या शहराला वेढा घालून ते बसलेले असतात. लुटीची वाटणी होते आणि राजा या वीराच्या वाट्याचं काढून घेतो, सगळ्यांच्या देखत. वीर रुसतो आणि तंबूत जाऊन बसतो. बाहेर त्याचीच माणसं मरतात, तरी हा आत वाद्य छेडत गाणी म्हणतो. ‘वाट्याचं’ म्हणजे काय ते मास्तरांनी सांगितलं नाही. ती एक बाई होती, हे मला म्हातारपणी नातीच्या कॉलेजच्या पुस्तकातून कळलं. असो.

“मास्तर, हिचा बा पण असाच रुसलाय,” मागून एक पोरगा ओरडला. “घरात बसलाय अन् तिकडं खांड वाहतेय.”

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. आमची शेती खाडीच्या काठाला. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध असतो. तो फुटला की भात जातं आणि जमीन पुढची काही वर्षं नासते. बांध सगळ्या गावाचा, म्हणून कामाला घरटी एक माणूस. खांड बांधायची ती भांगात, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत. पहिला खुंट कुठं ठोकायचा ते माझा बा सांगायचा. पाण्यात उतरून पायाने तळ चाचपायचा आणि म्हणायचा, “हितं.” त्याला कोणी उलट विचारत नसे. त्याबद्दल होळीत पहिला नारळ टाकायचा मान गावाने त्याला दिला होता.

त्या वर्षी शिमग्याला गावच्या पुढाऱ्याने तो नारळ आपल्या जावयाच्या हातात दिला. जावई मुंबईला गिरणीत होता आणि त्याने देवळाला घंटा दिली होती. बा नवा सदरा घालून होळीपुढे उभा होता. तसाच घरी आला, सदरा काढला आणि म्हणाला, “आता बांध पण जावयालाच बांधू दे.”

श्रावणातल्या उधाणाला बांध एका जागी फुटला. खालची शेतं खाऱ्या पाण्यात गेली, वरचं भात अजून उभं होतं. पुढारी दोन म्हाताऱ्यांना घेऊन आमच्या दारात आला.

“झालं गेलं सोड रं. पुढल्या शिमग्याला नारळ तुझा. या दोघांच्या देखत सांगतो.”

“नारळ घरी ने. कालवणात घाल.”

“अरे, तुझं पण भात हाय ना आत?”

“हाय. जाऊ दे.”

एक म्हातारा आईकडे वळला. “वयनी, तुमी तरी सांगा.”

आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, “मी येते की. घरटी एक माणूसच लागतं ना?”

हे सगळं झाल्यावरचा तो शनिवार. मास्तर पुढे सांगत राहिले. म्हणाले, या कवीची रीत बघा. तो कुणाला चांगला म्हणत नाही की वाईट म्हणत नाही. माणूस काय बोलला, त्याने काय केलं, एवढं दाखवतो. शत्रूकडचा योद्धासुद्धा कसा, तर लढाईला जाताना तान्ह्या पोराला उचलून घेतो. पोर त्याच्या शिरस्त्राणाला भिऊन रडतं, तर हा हसत ते काढून खाली ठेवतो. मला पुढारी आठवला. आमच्या दारातून परत जाताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. तो हलकट निघाला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग मास्तरांनी मलाच विचारलं, “तू सांग. तंबूत रुसून बसला त्याला वीर म्हणायचं का?”

“न्हाय,” मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

संध्याकाळी बा पडवीत सुंभ वळत बसला होता. मी त्याला ती गोष्ट सांगितली. त्याला लाज वाटावी म्हणूनच सांगितली.

“मग राजानं वाटा परत दिला?” त्याने विचारलं.

“देतो म्हणाला. वर आणखी गावं देतो म्हणाला. तरी न्हाय गेला.”

“बरोबर केलं.” त्याने सुंभाला पीळ घातला. “मग गेला कवा?”

“त्याचा दोस्त मेला तवा.”

आतून आई म्हणाली, “आपल्यात कुणी मरायची वाट नका बघू. उद्या भांग लागतोय.”

तो गेला नाही. आई गेली. गुडघाभर चिखलात तिने टोपल्या वाहिल्या. बायका तिला विचारत, “काय गो, धनी कुठं? चूल फुंकतात?” ती म्हणायची, “व्हय. भाकरी झ्याक करतात.” बाने जन्मात चूल पेटवली नव्हती.

खांड बांधून झाली. वाकडी झाली, पण झाली. आता पुढच्या उधाणाला टिकते का, तेवढंच बघायचं होतं.

उधाण आलं त्या रविवारी दुपारी, भरतीच्या वेळेला, सगळा गाव बांधावर होता. बा पण निघाला. मी त्याच्या मागे गेले. तो लोकांपासून लांब, नवी माती जुन्या मातीला मिळते तिथं जाऊन उभा राहिला. खाडी चढत चढत बांधाच्या माथ्याजवळ आली. तेव्हा आतल्या बाजूला, त्या सांध्यातून, पाणी पाझरायला लागलं. करंगळीएवढी धार, गढूळ.

बाने ती पाहिली. त्याने पाहिली हे मी पाहिलं. त्या धारेचं थोड्या वेळात काय होतं हे गावात त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. एक हाक मारली असती तर माणसं धावली असती. त्याने मारली नाही. त्याच्या तोंडावर राग नव्हता. पाहुणा यायचा असला की माणूस वाटेकडे बघतो, तसं तो बघत होता.

मीही ओरडले नाही. मनात म्हटलं, फुटू दे. मग गाव रडत दारात येईल आणि सोमवारी वर्गात कोणी हसणार नाही. आमचं वर्षाचं खाणं त्याच बांधाच्या आत उभं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी तसं म्हटलं.

धार मनगटाएवढी झाली तेव्हा आई टोपली घेऊन आली. तिला दिसली. तिने माती ओतली, पेंढा कोंबला, टाचेने दाबला, वर पुन्हा माती ओतून पुन्हा दाबला. पाणी थांबलं. मग तिने आमच्या पायांकडे पाहिलं. आमची पावलं घोट्यापर्यंत रुतली होती. आम्ही आत्ताच आलो नव्हतो, हे कळायला तेवढं पुरे होतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बाने टोपली घ्यायला हात पुढे केला. तिने टोपली कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली.

“सरका,” ती म्हणाली. “वाट द्या. अजून माती आणायची हाय.”

बा सरकला. मीही सरकले.