धोंडिरामची तिफण खाडीपार

आमच्या इमारतीत पहिल्यांदा येणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर थबकतो आणि विचारतो, "हा वास कसला हो?" मी सांगतो, "धोंडिराम सरवदेचा." मग सावकाश जोडतो, "म्हणजे त्याच्या मोटेचा." तोवर पाहुण्याचं धोंडिरामबद्दल मत होऊन गेलेलं असतं, आणि ते सुधारायची मला काही घाई नसते.

मोट म्हणजे विहिरीतून बैलांकडून पाणी ओढून घ्यायची चामड्याची भलीमोठी पिशवी. बोरिवलीच्या गोराईत, म्हाडाच्या चार मजली इमारतीत, जिथे पंप चालू करायला कोण उठणार यावरून भांडणं होतात, तिथे मोटेचं काय काम? पण धोंडिरामला असं विचारायची सोय नाही. चामडं तडकू नये म्हणून तो तिला करंजेल चोळतो. चोळता चोळता तिच्याशी बोलतोसुद्धा. शकुवहिनी म्हणतात, "माज्या गुडघ्याला कधी असं तेल लावलं न्हाई यांनी." हे त्या सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, तेव्हा मी ते इथे लिहिलं तर चुगली होत नाही.

धोंडिराम बसडेपोत मेकॅनिक होता. आता निवृत्त आहे. मूळ गाव बार्शीकडे. घरात नुसती मोटच आहे असं समजू नका. नांगर, वखर, जू, बैलगाडीची चाकं, उसाचा चरक, धान्य उफणायची तिवई असा सगळा संसार त्याने जमवला आहे. घरात मावेना तेव्हा तो जिन्याखाली आला, जिन्याखालून पंपरूममध्ये गेला, आणि पंपरूममधून मागच्या सायकल शेडमध्ये पसरला. मी मालवणकडचा माणूस. आमच्याकडे जमिनीवरून भाऊ भावाशी वीस वर्षं बोलत नाही, पण औतांसाठी जीव टाकणारा मी हा एकच पाहिला.

याची सुरुवात मेहुणीच्या लग्नात झाली. आचाऱ्याने चुलाणात घालायला मांडवामागून जुनी तिफण ओढत आणली. तिफण म्हणजे बी पेरायचं औत. तीन फण, तीन पोकळ नळ्या, आणि वर लाकडी वाटीसारखं चाडं, ज्यात बाईमाणूस मुठीमुठीने बी सोडतं. धोंडिराम पंगतीतून उठला आणि त्या तिफणीवर जाऊन बसला. उठेचना. लग्नात नवरदेव रुसलेला सगळ्यांनी पाहिला आहे, थोरला जावई औतावर रुसून बसलेला त्या गावाने पहिल्यांदा पाहिला. शेवटी सासऱ्याने हात जोडले, "घेऊन जावा, पर वरण शिजू द्या." कांद्याच्या ट्रकवरून तिफण मुंबईला आली, आणि पुढे सगळी तिची भावंडं.

इमारतीत अर्थातच दंतकथा तयार झाल्या. तिसऱ्या मजल्याने ठरवून टाकलं की सरवदे गावचे मोठे बागायतदार आहेत. धोंडिराम ना हो म्हणायचा, ना नाही. मिशीत हसायचा. त्यामुळे बागायत दरवर्षी थोडी वाढत गेली. त्यात दोनेक एकर मीही घातले असतील.

गेल्या दिवाळीनंतर मात्र त्याची खरी पंचाईत झाली. इमारतीची दुरुस्ती निघाली. परांच्या, सिमेंट, रेती ठेवायला सायकल शेड आणि पंपरूम रिकामी हवी. आमचा सेक्रेटरी मधुकर माणूस वाईट नाही, पण अंधारात एकदा जुवावर आपटला होता आणि ते त्याच्या नडगीने अजून विसरलेलं नाही.

"सरवदे, जानेवारी उजाडायच्या आत सगळं हलवा," तो म्हणाला. "नाहीतर कंत्राटदार भंगारवाल्याला बोलावणार. मग माझ्याकडे येऊन ओरडायचं नाही."

"भंगार?" धोंडिराम म्हणाला. "अस्सल सागाचं लाकूड आहे ते. शंभर वर्षांचं."

"सागाचं असू दे नाहीतर चंदनाचं. माझ्या स्कूटरवर पडलेल्या ओरखड्यांना काही फरक पडत नाही."

धोंडिराम घरी गेला. त्याची मुलगी संघमित्रा चेंबूरला असते. तिने फोटो काढून कुठे कुठे पाठवले, तर अंधेरीहून एक हॉटेलवाला आला. त्याला 'गावरान फील' हवा होता. नांगर छताला उलटे टांगणार, चाकांची झुंबरं करणार, आणि मोटेत थंडगार बाटल्या ठेवणार. धोंडिरामने त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मी म्हटलं, "अरे, निदान सगळं एका छपराखाली तरी राहिलं असतं."

"दत्ताराम," तो म्हणाला, "आमच्यात औताला पाय लागला तर पाया पडतात. हा त्याच्याखाली बसून लोकांना तंगड्या खायला घालणार."

आता इथे सुगंधा येते. मनोरीची. रोज गोराईच्या तरीने खाडी ओलांडून आमच्या नाक्यावर भाजी घेऊन बसते. मुळा, माठ, वालाच्या शेंगा, सगळं स्वतःच्या वाडीतलं. जीभ अशी की गिऱ्हाईक भाव करायच्या आधी मनात दोनदा तालीम करतं. तिच्याकडे बैल होते तेव्हाचा गोठा रिकामा पडलाय, हे मला आधीच माहीत होतं. अशा गोष्टी मला कशा माहीत असतात हे विचारू नये. मी तिच्याकडे विषय काढला.

"पडिक सामान ठेवायला माझा गोठा गोदाम हाय का?" ती म्हणाली. "माझ्या वाडीत बसून खानारा कोनी नाय. सासऱ्यालापन शेवटपरेंत मुळे बांधायला बसवलेला. तुमच्या दोस्ताला सांगा, एक तरी अवजार चालवून दाखव. चाललं तर सगळी ठेव. नाय चाललं तर पानी पी नि जा."

मी हे धोंडिरामला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला, जणू मी वाडी जिंकूनच आलो. "तिफण नेऊ," तो म्हणाला. "वाल पेरून दाखवतो."

शकुवहिनी भाजी निवडत होत्या. "आवं, ते भाताचं रान हाय. तिथं चिखल असतोय. तिफणीला वापसा लागतो, भुसभुशीत काळं रान लागतं. न्या काय तरी दुसरं."

"तिफण म्हणजे तिफण आहे," धोंडिराम म्हणाला. "जमीन म्हणजे जमीन."

असं फक्त घाटावरचा माणूसच बोलू शकतो. आमच्या कोकणात जमीन म्हणजे चिखल, कातळ नाहीतर कोर्टातली तारीख. पण मी तोंड उघडलं नाही. कोकणातल्या माणसाने तोंड उघडलं नाही ही या गोष्टीतली सगळ्यात अविश्वसनीय बाब आहे, आणि तीही खरी आहे. मला गंमत बघायची होती.

रविवारी निघालो. धोंडिराम, शकुवहिनी, मी आणि चक्क मधुकर. "सामान जाणार असेल तर मी स्वतः खांदा देतो," असं तो चार जणांत बोलून बसला होता, मग वहिनींनी त्याला सोडलाच नाही. हातगाडीवर तिफण लवंडू नये म्हणून धोंडिरामने खालून एक बुटकं कोळपं अडकवून दिलं. कोळपं म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं औत. एक आडवी पात, वर धरायला मूठ, पुढे दोरी. त्याच्या सगळ्या संग्रहात ते सावत्र. कुणाला दाखवताना तो त्याचं नावही घेत नसे.

धक्क्यावर बोटीवाल्याने तिफणीकडे पाहिलं. "आमच्या बोटीला नांगर हाय काका. दुसरा कशाला?"

"पेरायचं औत आहे ते."

"खाडीत पेरताव का?"

अख्खी बोट हसली. तिफण हातगाडीसकट दोन स्कूटरच्या मधे बसली, आणि धोंडिराम एका हाताने तिचं रुमणं, म्हणजे मागची मूठ, धरून असा उभा राहिला, जणू बाप मुलीला सासरी पोचवायला निघालाय.

सुगंधा बांधावर उभीच होती. भात कापून झालेला तुकडा, अजून ओला. बैल नव्हतेच. तेव्हा बैल कोण? धोंडिराम रुमण्याला, वहिनी चाड्यावर. राहिलो मी आणि मधुकर. आयुष्यभर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो एका बाजूला ओढतो आणि मी दुसऱ्या. तसंच झालं.

"अरे, एका दिशेनं!" धोंडिराम ओरडला.

"ह्याला सांग! हा डावीकडे ओढतो," मधुकर म्हणाला.

"तू सेक्रेटरी आहेस, तुझ्या मागे मागे येतोय मी!"

चार पावलं गेलो आणि तिफण रुतली. जोर लावला तर फण चिखलात आणखी खाली गेले. नळ्या मातीने गच्च बुजल्या, चाडं तुंबलं, आणि वहिनींनी सोडलेला वाल एकाच जागी ढीग होऊन बसला. मधुकरची एक चप्पल जमिनीने गिळली. सुगंधा आधी तोंडावर पदर धरून हसली, मग पदर सोडून हसली.

"काका, गावाला तुमी असंच पेरता का? मग खाता काय?"

धोंडिराम हसला नाही. त्याने रुमणं सोडलं, बांधावर येऊन बसला आणि माती लागलेले हात बघत राहिला. मग म्हणाला, "मी कधीच पेरलेलं नाही, बाई. मी घाटकोपरला जन्मलो. चाळीत."

मी गार. तिसऱ्या मजल्याची सगळी बागायत, माझ्या दोन एकरांसकट, एका वाक्यात गेली.

"आजोबा जन्मभर औतामागे चालला," तो म्हणाला. "पण दुसऱ्याच्या. रान दुसऱ्याचं, बैल दुसऱ्याचे, तिफणही दुसऱ्याची. पेरणी झाली की औत धुऊन त्यांच्या दारात ठेवायचं आणि बाहेरूनच माघारी यायचं. बाप सांगायचा, आपल्या घरात कधी एक जूसुद्धा नव्हतं. मला म्हणून हवं होतं. चालवायला नाही. घरात असायला."

मधुकर एका चपलेवर उभा राहून उगाच खाडीकडे बघत होता. वहिनी नवऱ्याजवळ गेल्या, त्याच्या कपाळावरचा चिखल पदराने पुसला आणि म्हणाल्या, "लग्नात त्या तिफणीवर बसला तवाच वळखलं व्हतं मी. उठा आता."

सुगंधा तोवर हातगाडीपाशी गेली होती. "ही काय वस्तू?" तिने कोळपं उचललं. उलटं करून पात बघितली, अंगठ्याने धार पाहिली. "इकडं या जरा."

घरामागे तिची मुळ्याची वाडी. रेताड, मोकळी जमीन, आणि ओळींमधे तण माजलेलं. तिने मूठ धरली, दोरी धोंडिरामच्या हातात दिली. "ओढा." त्याने ओढलं. पात वाळूतून अशी सरकली, जशी सुरी लोण्यातून. मागे तण मुळासकट उताणं पडत गेलं. सुगंधाने एक ओळ केली, दुसरी केली, तिसरी केली. चौथीला आम्ही तिथे आहोत हेच ती विसरली. वाकून वाकून तिची कंबर गेली होती, तण काढायला माणूस मिळत नव्हता, आणि इथे ती उभ्याने चालत होती.

शेवटी थांबली, घाम पुसला. "हे माझ्या गोठ्यात ऱ्हायल. सोबत बाकीची पन येऊ द्या. पन ह्याला बैल लागतो, त्याचं काय?"

"मी येईन," धोंडिराम म्हणाला. "दर रविवारी."

"नि ती वासाची पिशवी?"

"मोट? तीसुद्धा."

"वारा खाडीकडं जातो तिथं टांगा."

बाकी सामान नाताळच्या आधी गेलं, टेम्पोने भाईंदरवरून वळसा घालून. भरायला सगळी इमारत खाली आली होती, तिसरा मजला धरून. बागायतदार नसल्याचं कळल्यावर त्याचा मान कमी होईल अशी मला भीती होती, पण लोक उलट जास्त जपून उचलत होते. जू मधुकरने उचललं. न सांगता. तिफण सुगंधाच्या गोठ्यात आता सगळ्यात पुढे उभी आहे, धुऊन पुसून, भिंतीला टेकून. तिच्याकडून कामाची अपेक्षा नाही, एवढी सूट सुगंधानेही दिली आहे. इकडे आमच्या जिन्यात वास उरलेला नाही, त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतं ते मला पुन्हा कळू लागलं आहे. दुसऱ्या मजल्यावर हल्ली मनोरीचा मुळा फार शिजतो.

परवा रविवारी मीही गेलो होतो. कोळप्याची मूठ शकुवहिनींच्या हातात, दोरी धोंडिरामच्या खांद्यावर. ओळीच्या टोकाला तो दम खायला थांबला तर मागून हाक आली, "हर्र! थांबतो काय?"

"अगं, सत्तरी गाठली मी."

"बैलाला वय सांगायची सवय नसती. वळा."

तो वळला आणि पुढच्या ओळीला लागला. मला बांधावर बसलेला पाहून वहिनी ओरडल्या, "भावजी, हसताय काय? जोडीला जागा रिकामी हाय."