हसू नका, बाई!

आमच्या ह्यांना अनोळखी माणसं न्याहाळायचं वेड आहे. धंदा फोटोग्राफरचा, म्हणून खपून जातं. दुसरा कुणी असता तर मार खाल्ला असता. ओळखपत्रांचे फोटो काढायचं आमचं एका खोलीचं दुकान. हे कॅमेऱ्यामागे, मी कात्री घेऊन टेबलाशी. गिऱ्हाईक पायरी चढलं की हे पुटपुटणार, "मुलाखतीला निघालाय. बूट बघ, भावाचे दिसतायत." मी म्हणते, तुम्हाला काय करायच्यात नसत्या चौकश्या? पण मग हेच उठून त्याची कॉलर सरळ करणार आणि खुंटीवरचा काळा कोट त्याच्या अंगात चढवणार. गावातल्या अर्ध्या ओळखपत्रांवर तो एकच कोट आहे.

परवा दुपारी पन्नाशीच्या एक बाई धापा टाकत आल्या. इस्पितळात मदतनीसाची नोकरी लागली होती, आयुष्यातली पहिली. ओळखपत्रासाठी फोटो पाचच्या आत द्यायचा होता, नाहीतर नोकरी यादीतल्या पुढच्या बाईला. आधीचे दोन फोटो परत आले होते. कारण काय, तर दात दिसतात.

"दादा, मला हसूच आवरत नाही हो! स्टुलावर बसले की आठवतं, नोकरी लागली!"

ह्यांनी कपाळाला हात लावला. तीस वर्षं लोकांना हसवण्यात गेलेली. "एखादं दुःख आठवा," म्हणाले. बाईंनी डोळे मिटले, ओठ आवळले आणि फिस्सकन हसल्या. "सासूबाई आठवल्या. आज असत्या तर काय तोंड झालं असतं त्यांचं!"

मग मीही हसत सुटले. "तू आधी बाहेर हो!" हे माझ्यावरच डाफरले. असं करता करता साडेचार वाजले.

शेवटी हे गंभीर होऊन म्हणाले, "बाई, कॅमेरा गेला. आज काही फोटो होत नाही."

बाईंचा चेहरा झर्रकन उतरला, डोळे भरले. त्याच क्षणी ह्यांनी बटण दाबलं. "झाला! कॅमेरा ठणठणीत आहे."

मी अशी भडकले! "लाज नाही वाटत? रडवलंत की त्यांना!" हे कान पकडून उभे. मी तणतणतच फोटो कापले आणि बाईंच्या हातात दिले. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"रागावू नका त्यांना, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "ही माझ्या ओळखीची आहे. नोकरी लागेपर्यंत रोज आरशात हीच असायची."

ह्यांनी स्टूल पुढे ओढलं. "बसा परत. एकच मिनिट. आता हसा, सगळे दात दिसू देत."

"आता कशाला?"

"आरशाच्या कोपऱ्यात खोचायला. ती परत आली, तर ह्या हसरीशी बोल म्हणावं."

बाई अशा काही हसल्या की फोटो हललाच. तो हललेलाच घेऊन धावत सुटल्या, आणि पाचच्या आत पोचल्याचा फोनही केला. मी ह्यांच्याशी दोन दिवस अबोला धरायचं ठरवलं होतं. कसला धरतेय!