पुट्टी घासणारा माणूस

चाकणला ज्या कंपनीत मी आहे, तिथं रोज सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी "मास्क लावा, एक्झॉस्ट चालू आहे का बघा" असं पोरांना ओरडून सांगणारा माणूस मीच. सेफ्टीच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, असंही मीच सगळ्यांना सांगत असतो. म्हणून तर पुढचं सांगताना जास्त लाज वाटते.

चिखलीत फ्लॅट घेतला. वास्तुशांतीची तारीख ठरली होती आणि भिंतींची पुट्टी घासायची राहिली होती. ठेकेदारानं परभणीकडचा एक पेंटर पाठवला, चाळिशीतला, कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर गाड्यांवर बसलेल्या पांढऱ्या धुळीचे फोटो आले. मी लगेच सगळ्या खिडक्या लावल्या, फटींना चिकटपट्टी मारली. तो म्हणाला, "साहेब, एक तरी उघडी ठिवा."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो.

तोंडाला रुमाल बांधून तो घासत राहिला. कंपनीतल्या माझ्या कपाटात मास्कचं अख्खं खोकं होतं. एखादा आणावा हे मला सुचलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. सुचलं होतं, कंटाळा केला.

तिसऱ्या दिवशी तो भिंतीला धरून, वाकून खोकायला लागला. बायको बाळंतपण उरकून माहेराहून यायची होती. मी घाबरलो. ठेकेदाराला फोन केला, "याला टीबी असणार. दुसरा माणूस पाठवा." तासाभरात त्याला कामावरून काढलं.

आम्ही राहायला आल्यावर एकदा बेल वाजली. तो दारापासून चार हात लांब उभा होता, हातात सरकारी दवाखान्याचे कागद.

"आत येत न्हाई साहेब, घरात लेकरू हाय. समदं तपासलं. टीबी न्हाई. बंद खोलीतल्या धुळीचं हाय म्हणले डॉक्टर. तेवढं ठेकेदाराला सांगा. तुमचं ऐकतील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तेव्हाही माझा मोठेपणा जागाच होता. त्याच्यादेखत फोन लावला, आणि मी त्याच्यासाठी कसा बोलतो ते त्याला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"ते ठीक आहे हो सर," ठेकेदार म्हणाला, "पण चऱ्होलीपासून निघोज्यापर्यंत सगळ्या साइटवर मी सांगून बसलोय. आता त्याला कोण आत घेणार?"

मी घाईघाईनं स्पीकर बंद करायला गेलो.

"राहू द्या साहेब," तो म्हणाला. "ऐकलं मी."