आत्याचे दिवे आणि पाचची मुदत

आमची आत्या दिव्यांवरच्या वेताच्या शेड विणते. तिच्या हाताला तोड नाही, हे मी भाची म्हणून उगाच सांगत नाही! पण हट्टी अशी, की सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

ऑनलाइन दुकान तिचं, मोबाइलची उठाठेव माझी. तिथला नियम असा: ऑर्डर आल्यापासून तिसऱ्या दिवशी पाचच्या आत पार्सल कुरिअरच्या खिडकीवर स्कॅन झालंच पाहिजे. तीनदा उशीर झाला की दुकान कायमचं बंद. मोठ्या कारखान्यांचं काय जातंय, त्यांचा माल तयारच पडलेला असतो! आत्या मात्र ऑर्डर आल्याशिवाय वेत भिजत घालत नाही. "कुणासाठी ते माहीत नाही, तर विणू काय कपाळ?" म्हणून आधी गिऱ्हाइकाला मेसेज करायचा: दिवा कुठल्या खोलीत लागणार, खाली कोण बसणार? मग विणायचं, मग बल्ब लावून रात्रभर टांगायचं, उष्णतेनं वीण सैल पडते का बघायला. यापायी दोनदा उशीर झाला होता. आता एकदा चुकलं, की आत्या पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर.

काल असाच तिसरा दिवस होता. चार वाजून गेलेले, खोकं चिकटपट्टी लावून तयार. मी चपला घालतेय, तर मागे टर्रर्र! बाईनं पट्टी फाडली होती.

"आत्या!"

"ओरडू नकोस. खालची एक काडी मला पटली नाही. तान्हं बाळ झोपणार आहे त्याच्याखाली."

"आणि दुकान बुडालं म्हणजे?" मी असली तडकले!

तिला ढिम्म फरक नाही. काडी काढली, नवी ओवली, दातात धरून ओढली. मी खोकं बांधलं आणि दोघी सुसाट सुटलो. ती घरातल्याच सपाता घालून पुढे, खोकं डोक्यावर. मी मागे धापा टाकत. पोचलो तर खिडकीवरचा माणूस शटर ओढतोय!

"दादा, थांबा हो!"

त्यानं निवांत टेप काढून खोकं मोजलं. "लेबल तिरकं आहे."

"दिवा सरळ आहे, घ्या," आत्या म्हणाली.

तो हसला. टुंग! झालं स्कॅन. मी तिथेच उड्या मारल्या, आत्याला मिठी मारली, आणि लगेच झापलंसुद्धा. "आजपासून आधी विणायचं, रात्रभर टांगायचं, मगच विकायला ठेवायचं. कळलं?"

आणि चक्क ऐकलं की तिनं! घरी येऊन वेत भिजवला, मांडीवर घेतला आणि थांबली. तिचे हात असे अडलेले मी कधी पाहिले नव्हते.

"अगं, सुचतच नाही. कुणाचा म्हणू हा?"

मी भिजलेला दुसरा वेत तिच्यापुढे केला.

"थांब," ती म्हणाली. "एक बाई आहे. कामावरून दमून येते. घरात वाट बघणारं कुणी नाही. दार उघडल्याबरोबर डोळ्यांवर उजेड नको तिच्या. खालून तोंड जरा मिटतं घेऊ." आणि हात भराभर चालायला लागले.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"ते काय, ऑर्डर देईल तेव्हा कळेलच की."