चारशे किलोमीटर चाललेले बूट

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण बत्तिशीच्या पाठी कोणकोण होते याची यादी बरीच लांब होती. लिफ्ट, सरकता जिना, अनोळखी माणसाचा फोन, ओळखीच्या माणसाचा अवेळी फोन, आणि या सगळ्यांच्या वर कुत्रा. कुत्रा म्हणजे कोणताही कुत्रा. गल्लीतले ते दात पडलेले म्हातारे कुत्रेसुद्धा, ज्याला कोणाला चावायचे झाले तर आधी बत्तिशीकडूनच कवळी करून घ्यावी लागली असती.

कारण ती कवळ्या करायची, म्हणून तर बत्तिशी. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे तिची एक खोली होती. एक खिडकी, पॉलिशचे एक मोटरचाक, फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे आणि प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेले पेशंटचे नाव. मेणात दात बसवायचे, साच्यातून निघालेल्या गुलाबी हिरड्यांवरचे बारीक कंगोरे घासून काढायचे. एकतीस वर्षे हेच. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. हिचे भरत होते आणि तिच्याजवळ राहणाऱ्या धाकट्या बहिणीचेही. जुनी कवळी दुरुस्तीला आली की ती नुसती उलटून बघायची आणि डॉक्टरांना सांगायची, "हे आजोबा डावीकडूनच चावतात. उजवीकडे काय दुखतंय ते विचारा." डॉक्टर विचारत आणि तसेच निघे. झीज खोटं बोलत नाही, असे ती म्हणायची. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण तिने स्वतः ते ठेवले नाही.

मागच्या वर्षी धाकटीच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन चार तास चालले आणि बत्तिशी बाहेरच्या बाकावर पर्स कवटाळून बसली होती. तिसऱ्या तासाला एक नर्स धावत आत गेली. तेव्हा बत्तिशीला फादरांचे एक प्रवचन आठवले: दूर परदेशात एका संताची कबर आहे, तिथपर्यंत लोक आठशे किलोमीटर पायी जातात, डोंगर चढून, शेताशेतांतून, कित्येकजण एकटेच. आयुष्यभर लोकांच्या टाळूचे साचे घेणाऱ्या बाईने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "हिला वाचव," ती मनात म्हणाली, "मी चालत येईन."

धाकटी वाचली. महिनाभरात ती आरशासमोर केस रंगवत शीळ घालू लागली. आणि बत्तिशीची भीती सुरू झाली ती तिथून. देवाने त्याचा शब्द पाळला होता, आता पाळी हिची. गेले तर वाटेत काय होईल कोण जाणे. न गेले तर दिलेले परत घेतले तर? इकडे आड, तिकडे विहीर. धाकटीची दर तीन महिन्यांनी तपासणी असे आणि प्रत्येक तपासणीच्या आदल्या आठवड्यात बत्तिशीला जेवण जात नसे. फादर म्हणाले, "अहो बाई, देव असा वसुलीला दारात येत नाही." तिने मान हलवली. विश्वास मात्र बसला नाही.

मग तयारी सुरू झाली, आणि तयारीत तिचा हात धरणारा कोणी नव्हता. पाठीवरची पिशवी आपल्या वजनाच्या एक दशांशापेक्षा जड नको, असे फादरांनी दिलेल्या माहितीत लिहिले होते. तिने प्लास्टर तोलायच्या काट्यावर एकेक वस्तू तोलली. टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापून कड घासून गुळगुळीत केली. तळपायाला व्हॅसलीन, मोज्यांचे तीन जोड, मुक्कामामुक्कामावर शिक्के मारून घ्यायची छोटी वही, आणि यात्रेकरू म्हणून ओळख पटावी यासाठी पिशवीला बांधायचा शिंपला. शिंपला धाकटीने बांधला. बुटांना मात्र सवय हवी. निघायच्या आधी चारशे किलोमीटर तरी चाला, असे त्या कागदात होते. धाकटीने स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगले आणि त्याला दोऱ्याने पेन्सिल बांधली.

पहिल्या सकाळी बत्तिशी पिशवी पाठीला लावून निघाली ती लाकडाच्या वखारीपर्यंत पोचली. तिथे ओंडक्यांच्या ढिगावरून एक पिवळा कुत्रा उतरला. भुंकला नाही. नुसता रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि बघत बसला. बत्तिशीची पाचावर धारण बसली. ती मागच्या मागे सरकत गेली, मग वळली आणि मग पळत सुटली ती थेट गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बसस्टॉपपर्यंत. बस आली. ती चढली. बस तिला घेऊन वखारीवरूनच पुढे गेली, शेवटच्या थांब्याला वळली आणि परत आली. सहा किलोमीटर जायचे, सहा यायचे.

"किती?" धाकटीने पेन्सिल हातात घेऊन विचारले.

"बारा," बत्तिशी म्हणाली. तोंडातून निघूनच गेले.

दुसरा रस्ता नव्हता का? होता. त्यावर शाळा होती आणि शाळेसमोर दोन कुत्री. शिवाय एकदा बारा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी शून्य कसे म्हणणार? म्हणून रोज सकाळी बत्तिशी मांडीवर पिशवी घेऊन खिडकीशी बसे. वखारीजवळ बस हळू होई, तेव्हा ती काचेतून त्या पिवळ्या अंगाकडे बघे आणि पिशवी जवळ ओढून घेई. घरी धाकटी आकडा लिही आणि बेरीज मोठ्याने वाची. शंभर. दोनशे. ज्याला नवस बोलला तो तर सगळे बघतच असणार, या विचाराने बत्तिशीला प्रार्थनेत डोळे मिटायचीही भीती वाटू लागली. आपल्या या खोटेपणाचा हिशोब धाकटीच्या पोटात उघडला जाईल, अशी तिची खात्रीच झाली होती.

चौतीस सकाळी झाल्या. चारशेआठ. विमानाचे तिकीट बारा दिवसांवर आले, आणि त्याच्या आधी, येत्या गुरुवारी, धाकटीची तपासणी होती.

सोमवारी दुपारी बत्तिशी कोणाचा तरी खालचा जबडा हातात धरून बसली होती, तेव्हा धाकटी दवाखान्यामागच्या खोलीत आली. सहसा ती यायची नाही, प्लास्टरच्या धुळीने तिला शिंका येत. तिने कापडी पिशवीतून बूट काढले आणि टेबलावर जबड्यांच्या मधे ठेवले.

"मोच्याकडे नेले होते," ती म्हणाली. "म्हटलं, चारशे किलोमीटर झालेत, जायच्या आधी नवीन तळ लावून घेऊ. तुला न सांगताच करणार होते."

बत्तिशीने हातातला जबडा खाली ठेवला.

"तो म्हणाला, बाई, हे बूट चाललेत कुठे? घरापासून कोपऱ्यापर्यंत." धाकटीने एक बूट उलटा केला. नवे रबर साच्यातून निघताना त्यावर बारीक केसांसारखे काटे राहतात. पुढच्या टोकाचे तेवढे गेले होते. बाकी तळभर जसेच्या तसे उभे होते. जी बाई कवळी बघून माणसाचे दुखणे सांगायची, तिला बुटाचा तळ बोलतो हे चौतीस दिवसांत एकदाही सुचले नव्हते.

"मी बसने जात होते," बत्तिशी म्हणाली. "वखारीपाशी कुत्रा आहे."

धाकटी हसेल असे तिला वाटले. रागावली तरी चालले असते. पण धाकटी स्टुलावर बसली आणि पदराने हात पुसत राहिली.

"तुला वाटतं घाबरायचं काम तू एकटीनेच घेतलंय?" ती म्हणाली. "मी रोज झोपायच्या आधी पोट चाचपते, ताई. इथे दाबते, तिथे दाबते. मग उठते आणि जाऊन कॅलेंडर बघते. दोनशे झाले. तीनशे झाले. म्हणते, एवढी चालली ना ताई माझ्यासाठी, मग आता काय होतंय मला. तेव्हा कुठे डोळा लागतो."

"तू तर शीळ घालत होतीस."

"मग काय करू? तुझ्यासमोर रडू?"

डॉक्टरांनी बाहेरून हाक मारली, पण कोणी ओ दिली नाही. बत्तिशीला वाटत आले होते की आपले खोटे फक्त वरच्याशी आहे. धाकटी रोज तेच उशाला घेऊन झोपत होती, हे तिला आज दिसले, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की भीतीसुद्धा क्षणभर मागे सरली. क्षणभरच.

"उद्या मी बसस्टॉपपर्यंत येते," धाकटी उठत म्हणाली. "पुढे माझ्याने चालवत नाही. तिथे बसते."

दुसऱ्या सकाळी धाकटी स्टॉपच्या बाकावर बसली आणि बत्तिशी पुढे निघाली. बस आली, दार उघडले. ड्रायव्हर ओळखीचा झालेला, त्याने वाट पाहिली. तिने हातानेच नको म्हटले. वखार दिसू लागली. कुत्रा ओंडक्यांवरून उतरला. बत्तिशी प्रार्थना म्हणायला गेली तर लहानपणापासून पाठ असलेले शब्द अर्ध्यावर अडले. मग जे आठवत होते ते ती म्हणू लागली. वरचे सोळा, खालचे सोळा. एका पावलाला एक दात. कुत्रा तिच्या मागून चालू लागला, गुरगुरत, इतका जवळ की त्याचा श्वास पोटरीला लागत होता. तिला रडू फुटले होते आणि ती रडत रडतच मोजत होती. एक बत्तिशी झाली, दुसरी झाली. अकराव्या बत्तिशीला मागचा आवाज थांबला. तिने वळून पाहिले नाही. परत येतानाही त्याच्यावरूनच यायचे आहे, हे तिला सहा किलोमीटर एकसारखे आठवत राहिले.

ती आली तेव्हा तीन तास उलटून गेले होते. धाकटी बाकावरच होती.

"किती?"

"बारा."

"पाय दाखव."

बत्तिशीने स्टॉपच्या खांबाला हात टेकून पाय मागे उचलला. धाकटीने बुटाच्या तळावरून अंगठा फिरवला, सावकाश, पुढून मागे, जशी ती रोज पोटावरून फिरवत असेल.

"टाचेच्या कडेला थोडे काटे उरलेत," ती म्हणाली.

"उद्या जातील," बत्तिशी म्हणाली. "तू येशील ना बसायला?"